लोकेशन टाक ना, भाऊ!

व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतो. सागाची निष्पर्ण फांदी आणि तिच्यावर बसलेलं वीतभर घुबड, थेट कॅमेऱ्यात बघणारं. खाली फक्त दोन शब्द : रानपिंगळा, तानसा. मग आगीचे इमोजी, टाळ्या, 'कडक' वगैरे. साधारण चौथा-पाचवा मेसेज मात्र ठरलेला असतो. 'लोकेशन टाक ना, भाऊ!'

या एका वाक्याबद्दल आज बोलायचंय. गेल्या काही वर्षांत दुर्मीळ पक्षी बघायला लांबवर जाणं हा कॉलेजच्या पोरापोरींचाही छंद झालाय. पूर्वी त्यासाठी बंदुकीएवढी लेन्स आणि निवृत्तीनंतरचा वेळ लागायचा. आता सेकंडहँड कॅमेरा, पेट्रोलची वर्गणी आणि एक पिन पुरते. तुम्ही भिवंडीत राहत असाल तर तुमच्यासाठी अंतर हा प्रकार आणखी आकसलाय. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा, इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. आमणे म्हणजे आपल्याच तालुक्यातलं गाव. ७०१ किलोमीटरचा नागपूरचा रस्ता आता गोदामांच्या रांगेपासून सुरू होतो. पहाटे निघून दुपारी विदर्भात पोचायचं आणि संध्याकाळपर्यंत मेळघाटाच्या पायथ्याशी, असा प्लॅन चारचाकीत सहज बसतो. (बाइकवाल्यांनी हिरमुसू नये, पण समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.)

पण पोचणं इतकं सोपं झालं की पोचल्यावर काय करायचं, हा प्रश्न मोठा होतो. आणि त्यासाठी रानपिंगळ्याइतकं चांगलं उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नाही. या एका पक्ष्यासाठी लोक सातासमुद्रापलीकडून आलेत. त्याच्या नावावर एकाने चोरी केली आणि जगाला कित्येक वर्षं गंडवलं. आणि तो आज भिवंडीपासून दीड-दोन तासांच्या अंतरावर, मुंबईला पाणी पाजणाऱ्या तलावाच्या जंगलात राहतो.

एकशे तेरा वर्षं गायब

आधी हा नेमका कोण ते बघू. पिंगळा तुम्हाला माहीत आहे. वडाच्या ढोलीतून, जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकातून संध्याकाळी डोकं बाहेर काढून बघणारं, कचाकचा भांडणारं छोटं घुबड. त्याची बोली आपल्याला कळते असं सांगत पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्यांनाही आपण पिंगळाच म्हणतो. रानपिंगळा हा त्याचा जंगलातला भाऊबंद. दिसायला जवळपास तसाच. फरक असा की साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. अंगाने भरलेला, पंजे दणकट, छातीवर तपकिरी रंग आणि पोट बरंचसं पांढरं. आणि हा भर दिवसा शिकार करतो. सरडे, उंदीर, किडे.

१८७२ च्या डिसेंबरात, आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला तो पहिल्यांदा मिळाला. 'मिळाला' म्हणजे गोळी घालून. तेव्हा पक्षीनिरीक्षण असंच चालायचं. १८७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी आणि नाव दिलं ब्लेविटचं. ह्यूम हे नाव दहावीच्या इतिहासात वाचलंय ना? तेच, काँग्रेसच्या स्थापनेतले. हा माणूस त्या काळात भारतातल्या पक्ष्यांचा सगळ्यात मोठा जाणकारही होता, हे आपल्या पाठ्यपुस्तकाने सांगितलं नाही.

पुढे खानदेशात जेम्स डेव्हिडसन नावाचे सनदी अधिकारी होते. शहादा-तळोदा भागात त्यांना १८८० ते १८८४ दरम्यान हा पक्षी मिळाला. आणि त्यानंतर काहीच नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून अवघे सात नमुने उरले. सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांनीही त्याचा शोध घेतला, हाती काही लागलं नाही. हळूहळू 'संपला बहुतेक' असं गृहीत धरलं गेलं.

या कोड्यात एक धागा मात्र सगळ्यांना फसवत होता. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. चिठ्ठीवर लिहिलेलं : ऑक्टोबर १९१४, मांडवी, गुजरात. म्हणजे १८८४ नंतर ३० वर्षांनी, आणि भलत्याच जागी. माणूस बडा, त्याच्या नोंदीवर शंका कोण घेणार? शोधणारे मांडवीचा विचार करत राहिले.

नव्वदीच्या दशकात अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेत काम करणाऱ्या पामेला रासमुसेन यांना या संग्रहाबद्दल संशय आला. त्यांनी सातही नमुने बारकाईने तपासले. प्रत्येक माणसाची पक्ष्याचं कातडं भरण्याची, टाके घालण्याची एक पद्धत असते. माइनर्ट्झहागेनचा पक्षी उसवून पुन्हा भरलेला निघाला, आणि मूळ हात डेव्हिडसनचा. पंखाच्या सांध्यात अडकलेल्या कापसाच्या तंतूंची फोरेन्सिक तपासणी झाली, तीही तेच सांगत होती. थोडक्यात, साहेबांनी लंडनच्या संग्रहालयातून डेव्हिडसनचा पक्षी उचलला होता, नव्याने भरला होता आणि त्यावर स्वतःच्या नावाची खोटी चिठ्ठी लावली होती. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ मध्ये हे सगळं प्रसिद्ध केलं. खोटेपणा कापसाच्या धाग्याने पकडला जावा, ही गोष्ट यंत्रमागाच्या गावात तरी आवडीने सांगितली गेली पाहिजे.

मांडवीची नोंद बाद केल्यावर शोधाचा नकाशा बदलला. १९९७ च्या नोव्हेंबरात रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट भारतात आले. आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा पालथ्या घातल्या. काही नाही. मग खानदेश. २५ नोव्हेंबरच्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी एका उघड्या झाडावर बेन किंगला तो दिसला. शेवटच्या खऱ्या नोंदीनंतर ११३ वर्षांनी. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता, नंदुरबार जिल्हा झाला पुढच्या वर्षी.

लांबचा प्रवास म्हणावा तर हा. पण मला विचाराल तर यातला खरा लांब पल्ला वॉशिंग्टन ते शहादा हा नव्हताच. तो होता संग्रहालयाच्या ड्रॉवरपासून शहाद्यापर्यंतचा, सात कातडी महिनोन्महिने बघण्याचा. पक्षी नेमका कुठे नाही, हे आधी ठरलं, म्हणून तो कुठे असेल ते कळलं. एका खोट्या लोकेशनने कित्येक वर्षं खाल्ली होती. 'लोकेशन टाक' म्हणताना हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. लोकेशन हा डेटा आहे, आणि डेटा खोटा असला की नुकसान नुसत्या पेट्रोलचं होत नाही.

आणि मग तो शेजारी निघाला

१९९७ नंतर बीएनएचएस आणि इतर संस्थांच्या अभ्यासकांनी सातपुडा पिंजून काढला. तोरणमाळ, यावल, मेळघाट, मध्य प्रदेशातला खकनार. चित्र असं तयार झालं की रानपिंगळा म्हणजे सातपुड्याचा, सागाच्या शुष्क जंगलाचा पक्षी. पश्चिम घाटाचा संबंध नाही.

ऑक्टोबर २०१४ मध्ये हे चित्र मोडलं. तानसा अभयारण्यात एका पक्षीनिरीक्षकाला रानपिंगळा दिसला. पश्चिम घाटाच्या बाजूने, मुंबईच्या इतक्या जवळ, कोणाच्या ध्यानीमनी नसताना. नोंद रीतसर शास्त्रीय नियतकालिकात आली. कोणतीही परदेशी मोहीम नाही, मोठा निधी नाही. जंगलात वारंवार जाणारा आणि 'हा पिंगळा जरा वेगळा दिसतोय' म्हणून थांबणारा एक माणूस.

भिवंडीकरांसाठी तानसा काही परकं नाही. तिथून निघालेली जलवाहिनी आपल्या तालुक्यातूनच मुंबईकडे जाते. तानसा धरण १८९२ चं, म्हणजे डेव्हिडसनचा शेवटचा पक्षी मिळाला त्यानंतर आठ वर्षांनी बांधून झालेलं. भोवतीचं जंगल शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी राखलं गेलं, १९७० मध्ये ते अभयारण्य झालं. क्षेत्र सुमारे ३२० चौरस किलोमीटर. अंबाडी-वज्रेश्वरीच्या बाजूने गेलात किंवा कल्याणहून कसारा लोकलने आटगावला उतरलात, तरी तासा-दोन तासांत तुम्ही त्याच्या कडेला असता. म्हणजे अमेरिकेतून येऊन ज्याचा शोध घेतला, तो पक्षी आपल्या नळाच्या पाण्याच्या उगमाशी बसलेला होता. कधीपासून, कोण जाणे.

बातमी फुटल्यावर व्हायचं तेच झालं. सगळ्या दुर्मीळ पक्ष्यांचं होतं ते. ज्यांना कधी सातपुड्यात जायला जमलं नसतं त्यांना एका सुट्टीत होणारी ट्रिप मिळाली. मुंबई, पुणे, ठाण्याहून गाड्या येऊ लागल्या. यात वाईट काहीच नाही, असं मी आधी सांगून टाकतो. अभयारण्यात अधिकृत परवानगीने जाऊन पक्षी बघणं हा गुन्हा नाही. माणसं येतात म्हणून जंगलाची किंमत वाढते, हेही खरं.

गडबड वेगळीकडे आहे. आपला सीझन बघा. दिवाळीची सुट्टी संपते, सबमिशनच्या आधीचे दोन महिने मोकळे, हवा मस्त. साग पानं टाकायला लागतो, फांद्या उघड्या पडतात, पक्षी दिसायला सोपे होतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी. आता त्याचा सीझन बघा. रानपिंगळ्याची वीण ऑक्टोबर ते मेच्या दरम्यान, त्यातही भर हिवाळ्यात. जुन्या झाडाच्या ढोलीत अंडी. म्हणजे आपण ज्या वेळी सर्वाधिक गर्दी करतो, नेमक्या त्याच वेळी नर-मादी पिल्लांसाठी धावपळ करत असतात. त्यात हा दिवसा जागा असणारा, उघड्या फांदीवर बसणारा. लपायचं त्याच्या स्वभावातच कमी.

मग येतो ब्लूटूथ स्पीकर. पक्षी दिसेना की मोबाइलवर त्याचाच कॉल वाजवायचा. पक्ष्याला वाटतं, आपल्या हद्दीत दुसरा घुसला. तो घरटं सोडून, शिकार सोडून भांडायला येतो. समोर दुसरा कोणी नसतोच. तो गेला की पुढची गाडी येते आणि पुन्हा तोच कॉल. सकाळी सहा ते दहा यात पाच ग्रुप आले तर त्या पक्ष्याची अख्खी सकाळ एका नसलेल्या शत्रूशी भांडण्यात गेली. उंदीर दाखवून, उंदीर सोडून फोटो काढणाऱ्यांचीही एक जमात आहे. तिच्याबद्दल सभ्य शब्दांत लिहिणं अवघड आहे.

'पण संशोधकही कॉल वाजवतातच की!' हा युक्तिवाद तुम्हाला ऐकायला मिळेल. वाजवतात, सर्वेक्षणासाठी. पण परवानगी घेऊन, ठरावीक ठिकाणी, मोजक्या वेळा, आणि पक्षी बोलला की बंद. त्यांना 'आहे की नाही' एवढंच हवं असतं. आपल्याला डोळ्यातली चमक आणि मागचा बोके हवा असतो, म्हणून आपण थांबत नाही.

कायदा काय म्हणतो ते वाचा एकदा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दाची व्याख्या बंदुकीपुरती नाही. प्राण्याला पकडणं, त्याचा पाठलाग करणं, त्याला हाकणं, आमिष दाखवणं हे सगळं शिकारीत मोडतं. पक्ष्याच्या अंड्यांना, घरट्याला त्रास देणंही. म्हणजे लेन्ससमोर उंदीर टाकणारा फोटोग्राफर कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो. रानपिंगळा पहिल्या अनुसूचीत आहे, त्यातल्या प्राण्याच्या शिकारीला किमान ३ आणि कमाल ७ वर्षांची कैद आहे. कॉल वाजवणं असे शब्द त्या व्याख्येत नाहीत, पण ढोलीच्या बुंध्याशी उभं राहून तो वाजवलात, तर 'घरट्याला त्रास नाही दिला' असं म्हणायला तोंड राहत नाही.

'अति' गेलं, म्हणून काय झालं?

आता थोडं आकड्यांबद्दल, कारण इथे बरेच जण गफलत करतात. २०१८ मध्ये आययूसीएनने रानपिंगळ्याला 'अतिसंकटग्रस्त' या यादीतून एक पायरी खाली, 'संकटग्रस्त' या यादीत आणलं. लगेच 'रानपिंगळा वाचला!' असा सूर लागतो. पण पक्षी अचानक वाढले नव्हते. तानसा, गुजरातेतलं डांग अशा नव्या जागा सापडल्या, त्यामुळे आधी वाटलं होतं त्यापेक्षा तो जास्त ठिकाणी आहे हे कळलं. वाढली ती आपली माहिती. प्रौढ पक्ष्यांचा अंदाज तेव्हाही २५० ते ९९९ एवढाच होता. वरचा आकडा धरला तरी तुमच्या कॉलेजच्या एका वर्षाच्या अॅडमिशनहून कमी. एवढे पक्षी अख्ख्या जगात, आणि सगळेच्या सगळे मध्य भारताच्या जंगलांच्या तुकड्यांत.

या घडामोडीत मला आवडणारी गोष्ट अशी, की एका जागतिक यादीतला बदल काही अंशी हौशी निरीक्षकांच्या फिरण्यातून आला. म्हणजे लांब जाणं वाया जात नाही. मात्र ते नोंदीत उतरलं तर. देशातल्या पक्ष्यांची स्थिती सांगणारा २०२३ चा 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' अहवाल घ्या. ९४२ जातींचा आढावा, आणि त्याचा पाया ३० हजारांहून जास्त पक्षीनिरीक्षकांनी ईबर्डवर टाकलेली ३ कोटी निरीक्षणं. हे निरीक्षक बहुतेक तुमच्याआमच्यासारखेच, शास्त्रज्ञ नव्हेत. इन्स्टावर टाकलेला फोटो या हिशेबात कुठेच धरला जात नाही. त्याला तारीख नसते, जागा ढोबळ असते, आणि न दिसलेले पक्षी तर कोणी पोस्टच करत नाही. शास्त्राला मात्र 'गेलो, तीन तास फिरलो, दिसला नाही' हेही तितकंच हवं असतं.

मग लोकेशन लपवायचं की सांगायचं? दोन्ही. ईबर्डसारख्या ठिकाणी अचूक नोंद करायची. काही संवेदनशील जातींची नेमकी जागा तिथे सर्वांना दाखवलीच जात नाही, माहिती मात्र अभ्यासकांसाठी जमा राहते. वनखात्याला सांगायचं. चारशे जणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर घरट्याच्या झाडाची पिन मात्र टाकायची नाही. कोणी विचारलं तर 'तानसा' एवढं उत्तर पुरेसं आहे, ३२० चौरस किलोमीटर आहे, फिरू दे.

लांबून येणारे आणि तिथेच राहणारे

या विषयावर लिहिणारे बरेच जण सगळं खापर फोटोग्राफरवर फोडून मोकळे होतात. ते सोपं आहे, कारण फोटोग्राफर दिसतो. रानपिंगळ्याला खरी गरज आहे ती ढोली असलेल्या जुन्या झाडांची आणि मोकळ्या सागवानी जंगलाची. वणवा, तोड, अतिक्रमण आणि जंगलाचे होत जाणारे तुकडे यांनी त्याचं जितकं जातं, तितकं कुठल्याही स्पीकरने जात नाही. आणि इथे आपला समृद्धी महामार्ग पुन्हा येतो. ज्या रस्त्याने मेळघाट जवळ आला, तोच तानसा, काटेपूर्णा आणि कारंजा-सोहोळ या तीन अभयारण्यांच्या परिसरातून जातो. त्यावर प्राण्यांसाठी पूल आणि भुयारी मार्ग केलेत, हे चांगलंच. पण रस्ता नुसता रस्ता राहत नाही, त्याच्या कडेला धाबा येतो, प्लॉटिंग येतं, गोदाम येतं. हे भिवंडीच्या लोकांना वेगळं सांगायला नको. माणकोलीपासून पडघ्यापर्यंतची भातशेती डोळ्यांदेखत पत्र्याच्या शेडखाली गेलेली आपण पाहिलीय.

अभयारण्य जाहीर केलं की प्रश्न सुटला, असंही नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचं उदाहरण आहे. माळढोक बघायला एकेकाळी देशभरातून लोक तिथे यायचे. १९७९ मध्ये त्यासाठी अभयारण्य झालं, तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात शेतं आली, गावं आली. जमिनीचे व्यवहार अडकले, लोक वैतागले आणि माळढोक हा शब्दच शिवीसारखा झाला. पुढे क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरच्या आसपास आणलं. तोवर पक्षी जवळजवळ संपले होते. आज देशात माळढोक दीडशेच्या आत उरलेत, बहुतेक राजस्थानात, आणि नान्नजला एखादा दिसला तर पेपरात बातमी होते. शेजारी राहणाऱ्या माणसाला पक्ष्याचा फक्त तोटाच होत असेल, तर लांबून येणाऱ्या कौतुकाचा उपयोग नसतो.

उलटंही घडलंय. आंध्रातला जेर्डनचा धाविक हा पक्षी १९०० नंतर कोणाला दिसला नव्हता. बीएनएचएसच्या लोकांनी गावोगाव त्याची चित्रं दाखवली. जानेवारी १९८६ मध्ये कडप्पा जिल्ह्यात एका स्थानिक शिकाऱ्याने रात्री विजेरीच्या उजेडात तो हाताने पकडून आणून दिला. पुढे याच पक्ष्यासाठी तेलुगू-गंगा कालव्याचा मार्ग बदलावा लागला. एका चिमूटभर पक्ष्याने कालवा वळवला, हे झालं शोधणाऱ्यांमुळे आणि नेमक्या नोंदींमुळे. पण पहिला पक्षी हातात आला तो त्या झुडपांत रोज रात्री फिरणाऱ्या माणसाच्या.

तानसाच्या भोवती वारली, कातकरी, ठाकूर, महादेव कोळी पाडे आहेत. ढोल्या कुठल्या झाडांना आहेत, कुठल्या नाल्यावर कोण बसतं, हे तिथल्या पोरांना गुगलपेक्षा जास्त ठाऊक असतं. आपण जातो, गाडीतून उतरतो, फोटो काढतो, आणलेली बिस्किटं खातो आणि वज्रेश्वरीला मिसळ हाणून परततो. पाड्यावर शंभर रुपयेही खर्च होत नाहीत. पुढच्या वेळी तिथलाच वाटाड्या घ्या, त्याला पूर्ण दिवसाचे पैसे द्या, आणि पक्षी दिसला नाही तरी द्या. 'दिसला तर जास्त देईन' ही बोली तर अजिबात करू नका, त्यानेच तो बिचारा पक्ष्याला उठवून दाखवायच्या मागे लागतो. घुबड दिसणं अशुभ, अंडी करणीला चालतात, असल्या समजुती गावातही आहेत आणि शहरातही. ज्या घराला त्या घुबडामुळे महिन्याला चार पैसे मिळतात, तिथे त्या आपोआप मऊ पडतात.

लांब जाण्याची नशा ही खरी गोष्ट आहे, ती नाकारत नाही. अमेरिकेच्या फीबी स्नेटसिंगर यांना कर्करोगाचं निदान झालं, त्यानंतर त्या पक्ष्यांसाठी जगभर फिरत राहिल्या, आठ हजारांहून जास्त जाती पाहिल्या आणि १९९९ मध्ये मादागास्करमध्ये पक्षी बघतानाच्या प्रवासात अपघातात गेल्या. असं आयुष्य कोणाला मोह घालणार नाही? पण त्यांचं नाव राहिलं ते बारकाईने ठेवलेल्या नोंदींमुळेही. यादी वाढवायची हौस आणि पक्षी नीट बघायची सवय या दोन्ही एका माणसात राहू शकतात.

तर जा. परीक्षा संपल्यावर नक्की जा. अभयारण्याच्या हद्दीत फोटोसाठीसुद्धा परवानगी लागते, ती वनखात्याकडून घ्या. चौघांपेक्षा मोठा घोळका नको. स्पीकर घरी ठेवा. पक्षी मान ताणून तुमच्याकडे टक लावून बघायला लागला, शेपूट हलवायला लागला, की समजा तुम्ही फार जवळ आहात. दोन पावलं मागे या. ढोलीत जाताना-येताना दिसला तर फोटो न काढता निघा.

आणि सरावाची सुरुवात तानसापासून करायची गरज नाही. फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' होतो, त्याच्यासोबत देशभरच्या कॉलेजांत कॅम्पस बर्ड काउंट चालतो. पंधरा मिनिटं उभं राहून दिसेल ते मोजायचं आणि ईबर्डवर टाकायचं, बस. भिवंडीतल्या कॉलेजांना त्यात उतरायला पैसे लागत नाहीत. वऱ्हाळ देवी तलावाच्या काठी सकाळी सात वाजता कोणकोण बसलेलं असतं, कामवारी नदीच्या त्या काळ्या पाण्यावरही कुठले बगळे टिकून आहेत, याची सलग पाच वर्षांची नोंद कोणी ठेवली, तर उद्या नदीबद्दल बोलताना हातात काहीतरी असेल. संध्याकाळी दिवेलागणीला जुन्या पिंपळाखाली उभे राहा. भांडणाचा आवाज आला की वर बघा, आणि आधी त्याचं डोकं बघा. ठिपके असतील तर तो आपला नेहमीचा पिंगळा. संख्या लिहा, वेळ लिहा आणि यादी सबमिट करा.